डेटाबेस नसताना टेबल कसं भरायचं: मेमरीतले ऑब्जेक्ट थेट ग्रिडमध्ये

प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्टची एक यादी तयार आहे आणि ती ओळी-कॉलमच्या रूपात स्क्रीनवर दाखवायची आहे. काम एवढंच. पण शिकणाऱ्यांच्या हाती पडणारी बहुतेक उदाहरणं कनेक्शन स्ट्रिंगपासून, म्हणजे डेटाबेसच्या पत्त्यापासून, सुरू होतात. आधी डेटाबेस बनवा, त्यात टेबल तयार करा, कनेक्शन उघडा, क्वेरी चालवा, निकाल ग्रिडला, म्हणजे स्क्रीनवरच्या टेबलाला, जोडा. हे इतक्या वेळा नजरेखालून जातं की ग्रिड म्हणजे डेटाबेसमध्ये डोकावायची खिडकी, असाच समज होऊन बसतो. मग दहा-वीस ऑब्जेक्ट दाखवायचे असले तरी लोक डेटाबेस उभा करतात, त्यात माहिती लिहितात आणि पुढच्याच क्षणी तीच वाचून परत आणतात. या फेऱ्यात वेळ जातोच, शिवाय ज्या मशीनवर प्रोग्रॅम चालवायचा तिथे डेटाबेस बसवण्याची जबाबदारीही विनाकारण गळ्यात पडते.

ग्रिडला डेटाबेस माहीतच नसतो. त्याला कोणीतरी उत्तरं देणारं हवं असतं. ती उत्तरं डेटाबेसमधून आली की मेमरीतल्या साध्या यादीतून, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. हे एकदा नीट उमगलं की पुढची निम्मी कोडी आपोआप सुटतात.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. फाइली डाउनलोड करणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे. प्रत्येक फाइलसाठी ‘डाउनलोड’ या क्लासचा एक ऑब्जेक्ट. त्यात चार गोष्टी: फाइलचं नाव, एकूण आकार, किती टक्के उतरली, आणि स्थिती, म्हणजे रांगेत, चालू, पूर्ण किंवा अयशस्वी. ही माहिती क्षणाक्षणाला बदलते आणि प्रोग्रॅम बंद झाला की तिचा उपयोग संपतो. ती डेटाबेसमध्ये ठेवण्यात काहीच हशील नाही. वापरणाऱ्याला मात्र ती टेबलातच हवी, कारण कोणती फाइल अडकली हे त्याला एका नजरेत दिसायला हवं.

ग्रिड नेमकं काय विचारतं

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते जावाच्या स्विंग या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीत. तिथलं जेटेबल स्वतःजवळ माहिती ठेवत नाही, ते फक्त चित्र काढतं. माहितीसाठी ते मॉडेल नावाच्या दुसऱ्या ऑब्जेक्टकडे वळतं. आपलं मॉडेल लिहायचं तर ‘ॲबस्ट्रॅक्टटेबलमॉडेल’ या क्लासवरून नवा क्लास बनवायचा आणि तीनच मेथड भरायच्या: ओळी किती, कॉलम किती, आणि अमुक ओळीच्या अमुक कॉलममध्ये काय आहे.

आपल्या उदाहरणात पहिल्या मेथडचं उत्तर म्हणजे यादीची लांबी. दुसरीचं उत्तर 4. तिसरीला ओळीचा आणि कॉलमचा क्रमांक मिळतो. तिथे यादीतून त्या क्रमांकाचा ऑब्जेक्ट उचलायचा आणि कॉलम 0 असेल तर नाव, 1 असेल तर आकार, 2 असेल तर टक्के, 3 असेल तर स्थिती परत करायची. झालं मॉडेल. यात कनेक्शन कुठे आलं? क्वेरी कुठे आली?

क्यूटी या दुसऱ्या लायब्ररीत सी प्लस प्लस वापरून हेच करायला गेलं तरी तिथल्या टेबल-मॉडेलला हीच तीन उत्तरं द्यावी लागतात. वेगळी भाषा, वेगळी लायब्ररी, प्रश्न तेच. हा योगायोग नाही. माहिती सांभाळणारा भाग आणि ती चितारणारा भाग वेगळे असावेत, हा विचार ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी 1979 च्या सुमारास झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉकवर काम करताना मांडला. मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर या नावाने आज आपण तो ओळखतो. ग्रिडच्या बहुतेक लायब्रऱ्या कमी-अधिक प्रमाणात त्याच वाटेने आल्या आहेत.

तीन मेथडवर टेबल दिसू लागतं, पण थोडं ओबडधोबड. कॉलमचं नाव देणारी मेथड भरली नाही, तर मथळ्यात ए, बी, सी अशी अक्षरं येतात. जेटेबल स्क्रोल-पेनमध्ये न ठेवता थेट खिडकीत टाकलं, तर मथळा दिसतच नाही आणि माणूस आपल्या मॉडेलमध्ये चूक शोधत बसतो. तिसरी गोष्ट जास्त फसवी आहे. कॉलममध्ये कोणत्या प्रकारची माहिती आहे हे सांगणारी मेथड भरली नाही, तर टेबल प्रत्येक कॉलम ‘काहीतरी ऑब्जेक्ट’ असा धरतं आणि क्रम लावताना त्याचा मजकूर बनवून तुलना करतं. मग टक्क्यांच्या कॉलममध्ये 100 हा आकडा 25 च्या आधी येतो, आणि 9 सगळ्यांच्या शेवटी. या कॉलममध्ये पूर्णांक आहेत एवढं सांगितलं की क्रम सुधारतो आणि आकडे उजव्या कडेला नीट लागतात.

डॉटनेटची तऱ्हा: ऑब्जेक्टकडे बघून कॉलम ओळखणं

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या विंडोज फॉर्म्स या खिडक्या बनवायच्या लायब्ररीत मॉडेल लिहावं लागत नाही. 2005 साली डॉटनेट 2.0 बरोबर आलेल्या डेटाग्रिडव्ह्यूला यादी सरळ ‘डेटासोर्स’ म्हणून द्यायची. ग्रिड यादीतल्या ऑब्जेक्टचा क्लास तपासतं, त्याच्या सार्वजनिक प्रॉपर्टी शोधतं आणि एकेका प्रॉपर्टीचा एकेक कॉलम बनवतं. एका ओळीच्या कोडमध्ये टेबल तयार. पण ही सोय कोणत्या नियमाने चालते ते माहीत नसेल, तर तिचे परिणाम चक्रावून टाकतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण मजकुराच्या यादीचं. फाइलींची फक्त नावं असलेली स्ट्रिंगची यादी ग्रिडला देऊन बघा. नावं दिसत नाहीत. त्याऐवजी ‘लेंग्थ’ नावाचा एक कॉलम येतो आणि त्याखाली 11, 8, 23 असे आकडे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ग्रिड बिघडलं. ग्रिडने मात्र नियमाप्रमाणेच काम केलेलं असतं. त्याने स्ट्रिंग या क्लासकडे पाहिलं आणि दाखवण्याजोगी सार्वजनिक प्रॉपर्टी शोधली. तिथे त्याला लांबी ही एकच सापडली, कारण मजकूर स्वतः कोणत्याही प्रॉपर्टीत नसतो, तो मजकूर म्हणजेच तो ऑब्जेक्ट असतो. उपाय सोपा आहे: ‘नाव’ ही एकच प्रॉपर्टी असलेला छोटा क्लास करायचा आणि प्रत्येक स्ट्रिंग त्यात गुंडाळायची.

याच नियमाची दुसरी बाजू म्हणजे फील्ड दिसत नाहीत. क्लासमध्ये चार सार्वजनिक चल लिहिले, पण त्यांना वाचायची-लिहायची प्रॉपर्टी दिली नाही, तर ग्रिडच्या दृष्टीने त्या क्लासमध्ये दाखवण्यासारखं काहीच नाही. ‘माझी यादी भरलेली आहे, मग कॉलम का नाहीत?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

ग्रिड रिकामं राहण्याचं आणखी एक कारण म्हणजे लिंकची (LINQ, म्हणजे डॉटनेटमध्ये कोडमध्येच क्वेरी लिहायची सोय) क्वेरी जशीच्या तशी डेटासोर्सला देणं. ती क्वेरी म्हणजे यादी नव्हे, यादी कशी काढायची याची ती कृती आहे. ग्रिडला हवी असते क्रमांकाने हात घालता येईल अशी यादी. एरर येत नाही, इशाराही मिळत नाही, ग्रिड कोरं राहतं. शेवटी ‘टू-लिस्ट’ जोडलं की ओळी हजर. त्याच क्वेरीत जागच्या जागी निनावी क्लास बनवले असतील, तर टेबल दिसेल पण त्यात काही बदलता येणार नाही, कारण त्या क्लासच्या प्रॉपर्टी फक्त वाचायच्या असतात.

ऑब्जेक्टच्या आत ऑब्जेक्ट असेल तर? समजा, प्रत्येक डाउनलोडमध्ये ‘सर्व्हर’ हा वेगळा ऑब्जेक्ट आहे आणि त्याचा पत्ता दाखवायचा आहे. ग्रिड आत उतरत नाही. ते त्या ऑब्जेक्टचा मजकूर मागतं, आणि तो आपण ठरवून दिला नसेल तर सेलमध्ये क्लासचं लांबलचक नाव छापून येतं. इथे माझं मत पक्कं आहे: ग्रिडला वाकवत बसू नये. टेबलात जे दाखवायचं तेवढ्याच प्रॉपर्टी असलेला एक सपाट क्लास करावा, त्यात ‘सर्व्हरचा पत्ता’ ही सरळ प्रॉपर्टी ठेवावी आणि मूळ ऑब्जेक्टचा दुवा आत जपून ठेवावा. दोन-चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण स्क्रीनची गरज आणि मूळ क्लासची रचना एकमेकांच्या पायात येत नाहीत.

बदल झाला हे कोण सांगणार?

इथवरचा भाग एका संध्याकाळी जमतो. खरी कसोटी लागते ती यादी बदलायला लागल्यावर.

नवीन फाइल रांगेत आली, यादीत एक ऑब्जेक्ट वाढला. ग्रिडवर काहीच नाही. साध्या यादीला आपल्यात भर पडली हे जगाला सांगायची सोयच नसते, आणि ग्रिड काही दर क्षणाला येऊन विचारत बसत नाही. त्यामुळे मेमरीत पाच ऑब्जेक्ट आणि स्क्रीनवर चार ओळी, अशी अवस्था होते.

यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे डेटासोर्स रिकामा करून तीच यादी पुन्हा जोडणं. त्याने ओळ दिसते हे खरं, पण वापरणाऱ्याने निवडलेली ओळ सुटते, खाली सरकवलेलं टेबल परत वर उडी मारतं, आणि कॉलम आपोआप बनत असतील तर त्याने ओढून केलेली रुंदीही जाते. डाउनलोडसारख्या सतत हलत्या टेबलात हे दर सेकंदाला झालं तर ते टेबल वापरणं अशक्य होतं.

नीट मार्ग म्हणजे बोलकी यादी वापरणं. डॉटनेटमध्ये त्यासाठी ‘बाइंडिंगलिस्ट’ आहे. तिच्यात काही वाढलं, कमी झालं की ती इव्हेंट, म्हणजे ‘बदल झाला’ अशी सूचना, पाठवते, ग्रिड तो ऐकतं आणि तेवढीच ओळ घालतं किंवा काढतं. डॉटनेटच्याच डब्ल्यूपीएफ या दुसऱ्या लायब्ररीत हेच काम ‘ऑब्झर्व्हेबलकलेक्शन’ करतं.

पण अर्धाच प्रश्न सुटला. यादीत ऑब्जेक्ट तेच राहिले आणि एकाचे टक्के 40 वरून 41 झाले, तर? यादीला ते कळत नाही, कारण यादी जशीच्या तशी आहे, बदल ऑब्जेक्टच्या पोटात झालेला आहे. तो सांगायचं काम ऑब्जेक्टलाच करावं लागतं. त्यासाठी ‘आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड’ हा इंटरफेस आहे. टक्क्यांची नवी किंमत लिहिली जाते त्या जागी आधी जुनी आणि नवी किंमत ताडून बघायची, फरक असेल तरच किंमत बदलायची आणि ‘माझे टक्के बदलले’ असा इव्हेंट पाठवायचा. अनेकांना वाटतं की ऑब्झर्व्हेबलकलेक्शन वापरलं म्हणजे सगळं झालं. तसं नाही. ते येणं-जाणं सांगतं, आतला बदल सांगत नाही. दोन बातम्या, दोन बातमीदार.

स्विंगमध्ये ही बातमी मॉडेलने द्यायची असते. ओळ वाढली तर ‘अमुक ओळ आली’, सेल बदलला तर ‘अमुक सेल बदलला’, अशा वेगवेगळ्या फायर-मेथड तयारच मिळतात. आळस करून प्रत्येक वेळी ‘सगळाच डेटा बदलला’ हीच मेथड बोलावली, तर निवड पुसली जाते आणि आपण पुन्हा मघाच्याच जागी येतो. क्यूटी आणखी कडक आहे. तिथे ओळी घालण्याआधी ‘घालायला सुरुवात करतो आहे’ आणि घातल्यावर ‘संपलं’ असं दोन्ही वेळा कळवावं लागतं. हे टाळलं तर व्ह्यूच्या मनातला हिशेब आणि खरी यादी यांचा मेळ सुटतो, आणि त्यातून प्रोग्रॅम कोसळूही शकतो.

थ्रेडचा गुंता

थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये बाकीच्यांशी समांतर चालणारी कामाची एक रांग. डाउनलोड पाठीमागच्या थ्रेडवर चालतं, नाहीतर खिडकी गोठते. टक्के त्या थ्रेडवर बदलतात, तिथूनच इव्हेंट सुटतो आणि ग्रिडपर्यंत पोहोचतो. पण ग्रिड तयार झालेलं असतं मुख्य थ्रेडवर, आणि दुसऱ्या थ्रेडने त्याला हात लावलेला चालत नाही. विंडोज फॉर्म्समध्ये डीबग करताना अशा वेळी थेट एरर येतो. स्विंगमध्ये पुष्कळदा एरर येत नाही, टेबल मधूनच चुकीचं रंगतं किंवा अर्धवट ताजं होतं. हे दुसरं मला जास्त घातक वाटतं, कारण ते दहा वेळा बरोबर चालून अकराव्या वेळी बिघडतं.

म्हणून बदल मुख्य थ्रेडकडे सोपवायचा: विंडोज फॉर्म्समध्ये ‘इन्व्होक’ किंवा ‘बिगिनइन्व्होक’, स्विंगमध्ये ‘इन्व्होकलेटर’. आणि प्रत्येक बाइटमागे सोपवत बसायचं नाही. डोळ्याला सेकंदाला चार-पाच बदल पुरतात. पाठीमागच्या थ्रेडने आपला आकडा मुकाट्याने वाढवत राहावं आणि मुख्य थ्रेडवरच्या टायमरने ठरावीक वेळाने तो उचलून ग्रिडला दाखवावा. डाउनलोडचा वेग तोच राहतो आणि स्क्रीन शांत राहते.

क्रम बदलला की ओळ कोणाची?

डेटाबेसच्या टेबलात प्रत्येक ओळीला सहसा प्रायमरी की, म्हणजे तिची एकमेव ओळख, असते. मेमरीतल्या यादीत ती नसते, आणि म्हणून ओळीचा क्रमांक हीच तिची ओळख मानायचा मोह होतो. तिथेच घात होतो. समजा, वापरणाऱ्याने नावाच्या मथळ्यावर क्लिक करून क्रम लावला, तिसरी ओळ निवडली आणि ‘काढून टाका’ दाबलं. प्रोग्रॅमने यादीतला तिसरा ऑब्जेक्ट काढला, तर भलतंच डाउनलोड रद्द होतं, कारण क्रम स्क्रीनवर बदलला आहे, यादीत नाही. जावा 6 पासून जेटेबलमध्ये क्रम लावायची सोय आहे, आणि तिच्याबरोबरच स्क्रीनवरच्या ओळीचा क्रमांक मॉडेलमधल्या क्रमांकात बदलून देणारी मेथडही आहे. ती न चुकता वापरायची. डॉटनेटमध्ये याहून सोपं आहे: ग्रिडच्या प्रत्येक ओळीला ‘डेटाबाउंडआयटम’ असतो, म्हणजे त्या ओळीमागचा खरा ऑब्जेक्ट. क्रमांकाच्या नादी न लागता तोच पकडायचा.

डॉटनेटवाल्यांना इथे वेगळाच धक्का बसतो. बाइंडिंगलिस्टला क्रम लावता येत नाही, त्यामुळे मथळ्यावर कितीही क्लिक केलं तरी ओळी हलत नाहीत. तिच्यावरून नवा क्लास काढून क्रम लावायच्या मेथड स्वतः लिहाव्या लागतात. दुसरा पर्याय डेटाटेबलचा. त्याच्या नावावरून अनेकांना वाटतं की त्याला डेटाबेस लागतो. लागत नाही. डेटाटेबल पूर्णपणे मेमरीत राहतं. कॉलम आपण बनवायचे, ओळी आपण भरायच्या, एकही कनेक्शन न उघडता क्रम लावणं आणि गाळणं फुकट मिळतं. मात्र तुमच्याकडे आधीच ऑब्जेक्ट असतील तर तीच माहिती दोन ठिकाणी राहते आणि दोन्ही जुळत्या ठेवण्याची कटकट मागे लागते. ऑब्जेक्ट नसतील, नुसता चौकटीतला डेटा असेल, तेव्हा डेटाटेबल उत्तम.

सेलमध्ये लिहू द्यायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सेल सोडला की नवी किंमत थेट ऑब्जेक्टमध्ये जाते. मधे ‘सेव्ह’ नाही आणि डेटाबेससारखा रोलबॅक, म्हणजे बदल मागे घेणं, हेही नाही. एस्केप दाबल्यावर अख्खी ओळ पूर्ववत व्हावी असं वाटत असेल, तर जुन्या किमती बाजूला ठेवायचं काम ऑब्जेक्टनेच करावं लागतं. डॉटनेटमध्ये त्यासाठी ‘आयएडिटेबलऑब्जेक्ट’ हा इंटरफेस आहे.

ऑब्जेक्ट लाखभर असले तर ग्रिड दबेल, ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. जेटेबल चितारताना डोळ्यासमोर असलेल्या सेलपुरतंच विचारतं, म्हणून यादी कितीही मोठी असली तरी एका वेळी पन्नासेक ओळींचेच प्रश्न येतात. अट एकच: उत्तर देणारी मेथड हलकी हवी. तिच्यात फाइल उघडली किंवा मोठा हिशेब मांडला, तर सरकवताना टेबल अडखळणारच. डेटाग्रिडव्ह्यूमध्ये यासाठी व्हर्च्युअल मोड आहे, त्यात ग्रिड लागेल तेव्हा लागेल त्या सेलची किंमत मागतं.

ब्राउझरमध्ये तर डेटाबेसचा प्रश्नच येत नाही. जावास्क्रिप्टमधल्या ऑब्जेक्टच्या ॲरेवर लूप फिरवून ओळी आणि सेल तयार करायचे, आणि नुसतं तपासून बघायचं असेल तर ‘कन्सोल डॉट टेबल’ला ॲरे दिला की टेबल समोर. इथे एकच कळकळीची सूचना: सेलमध्ये मजकूर घालताना ‘टेक्स्टकंटेंट’ वापरा, ‘इनरएचटीएमएल’ नको. फाइलचं नाव बाहेरून आलेलं असतं. त्यात कोणी टॅग दडवले असतील, तर इनरएचटीएमएलमुळे ते पानावर जिवंत होतात आणि त्यांच्यातून स्क्रिप्टही चालू शकते.

डेटाबेस लागतोच अशा जागा आहेत: माहिती प्रोग्रॅम बंद झाल्यावरही टिकवायची असेल, एकाच वेळी अनेकांनी ती वापरायची असेल, किंवा ती मेमरीत मावणारच नसेल. यातलं फक्त पहिलं कारण असेल आणि ऑब्जेक्ट थोडे असतील, तर प्रोग्रॅम बंद होताना यादी जेसन या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवली आणि सुरू होताना वाचली तरी भागतं. उलट, टिकवायचं काहीच नाही पण गुंतागुंतीच्या क्वेरी हव्यात, तर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पूर्ण मेमरीतही चालतो, डिस्कवर फाइल न बनवता. आणि आपल्या डाउनलोड प्रोग्रॅमला पुढे कधी खरोखर डेटाबेस जोडायची वेळ आलीच, तर यादी भरणारी आणि जपून ठेवणारी मेथड बदलावी लागेल. ग्रिड, त्याचे कॉलम, इव्हेंट आणि टायमर आहेत तसेच राहतील.